अशोक कुमार कोर्टात येत नाही

घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर माझ्या मामाचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा. पुढे काचेचं काउंटर, त्यात कव्हरं, चार्जर आणि हेडफोन. मागे एक जुना पीसी, त्याला लोंबकळणारा कार्ड रीडर. काउंटरला चिकटवलेली पाटी माझ्या हस्ताक्षरात होती : 'गाणी भरून मिळतील. २ जीबी ४० रु.' शाळा सुटली की मी तिथे बसायचो. फोल्डर लावायचं काम माझं. 'किशोर सॅड', 'डीजे गणपती', 'कोळीगीत', 'भक्ती सकाळ', 'अजय-अतुल फुल्ल'. ही नावं गिऱ्हाइकाच्या तोंडची होती. रिक्षावाले काका येऊन म्हणायचे, 'रात्रीचं टाक रे', आणि त्यात काय काय येतं ते मला माहीत असायचं. संगीताचं माझं जे काही शिक्षण झालं ते तिथे झालं.

२०११ च्या पावसाळ्यात एका माणसाने कार्ड भरून नेलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आणखी एकाला आणि दोन पोलिसांना घेऊन आला. आपण एका म्युझिक कंपनीकडून आलोय म्हणाला. कोणत्या कंपनीकडून, हे मामाला आजही सांगता येत नाही. त्यांनी सीपीयू उचलला, कार्ड रीडर उचलला, मामाला ठाण्यात नेलं. संध्याकाळी मामा परत आला. किती पैसे गेले ते मामीलाही कळलं नाही. 'मिटवलं' एवढंच म्हणाला. सीपीयू परत आला नाही. पाटी मी फाडली.

हे सगळं आठवायचं कारण असं की गेलं वर्षभर मी एक विचित्र वाचन करतोय. रात्री जेवण झालं की फोनवर हायकोर्टांचे जुने आदेश उघडतो. गाणी, सिनेमे, टॉरेंट, ब्लॉक झालेल्या साइट, त्यावरचे खटले. वकिली शिकायची म्हणून नाही. कथा वाचावी तसं वाचतो. कुणाला बोलायला मिळतं, कुणाला नाही, लेखकाची नजर कुठे अडते, हे बघतो. ज्या टीकेची सवय आपल्याला कादंबऱ्यांवर असते ती आदेशांवर का करू नये? त्यांचा परिणाम कादंबरीपेक्षा जास्त लोकांवर होतो.

या साहित्यात एक पात्र सारखं येतं. त्याचं नाव अशोक कुमार.

हा म्हणजे दादामुनी नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत प्रतिवादी कोण ते माहीत नसेल तर त्याला 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडे त्या जागी अशोक कुमार लिहायची पद्धत पडली. सुरुवात २००२ ची धरतात. फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी केबलवाले परवान्याशिवाय सामने दाखवतील म्हणून ताज टेलिव्हिजन कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि कोण दाखवणार हे माहीत नसतानाही तिला आदेश मिळाला. पुढे सिनेमावाल्यांनी आणि संगीतवाल्यांनी ही युक्ती उचलली. सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी कोर्टात जायचं, अशोक कुमार आमची चोरी करणार आहे असं सांगायचं आणि इंटरनेट कंपन्यांना साइट बंद करायला लावणारा कागद घेऊन यायचं.

पात्र म्हणून अशोक कुमार फार कच्चा लिहिलाय. त्याला वय नाही, गाव नाही, कारण नाही. तो केबलवाला असू शकतो, परदेशातला सर्व्हर चालवणारा असू शकतो, घाटकोपरचा दुकानदार असू शकतो किंवा आठवीतला पोरगा. शेकडो पानांत त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. नाटकात असं पात्र असतं तर आपण म्हणालो असतो की नाटककाराला फक्त खलनायक हवा होता, माणूस नको होता.

आता २०१२ कडे येऊ. त्या वर्षाच्या सुरुवातीला कलकत्ता हायकोर्टातून आदेश निघाले आणि गाण्यांच्या १०४ साइट बंद करायला सांगण्यात आलं. त्यात साँग्स डॉट पीके होती. म्हणजे मामाच्या पीसीवरचं निम्मं भांडार जिथून आलं ती विहीर. मला तेव्हा प्रश्न पडला होता की गाणी मुंबईची, रेकॉर्डिंग अंधेरीची, रेकॉर्डिंगच्या परवान्यांचे पैसे गोळा करणाऱ्या पीपीएलचं ऑफिस अंधेरी पश्चिमेला न्यू लिंक रोडच्या बाजूला, मग खटला कोलकात्यात कसा? उत्तर इतिहासात आहे. ग्रामोफोन कंपन्यांची संघटना १९३६ साली कोलकात्यातच निघाली, कारण तेव्हा रेकॉर्डचा धंदा डमडमच्या कारखान्याभोवती होता. आज आयएमआय नावाने ओळखली जाणारी संघटना तीच. शेलॅकच्या तबकड्या गेल्या, कॅसेट गेली, सीडी गेली. पण नोंदणीचा पत्ता राहिला.

त्या १०४ साइटवाल्यांपैकी कुणी येऊन भांडलं असतं तर काय झालं असतं ते कळायला मार्ग नाही. प्रतिवादीच्या जागी इंटरनेट कंपन्या होत्या आणि साइट बंद करणं त्यांना फारसं जड नव्हतं. गंमत अशी की याच आयएमआयने मामासारख्या दुकानांना परवाना देण्याची योजनाही काढली होती, एमएमएक्स नावाची. ठरावीक पैसे भरा आणि कार्डं कायदेशीर भरा. मामाला याबद्दल मी गेल्या वर्षी सांगितलं. त्याने ऐकलं सुद्धा नव्हतं. छापा घालायला माणसं गल्लीपर्यंत पोचली, परवान्याचा कागद पोचला नाही.

पहिला खरा विरोध मद्रासहून आला. '३' नावाच्या तमिळ सिनेमाच्या निर्मात्यांनी एप्रिल २०१२ मध्ये असाच आदेश मिळवला. 'कोलावेरी डी' गाणं याच सिनेमातलं. त्या गाण्याची निम्मी प्रसिद्धी लोकांनी एकमेकांना पाठवून केली होती, हे विसरू नये. आदेश मिळताच इंटरनेट कंपन्यांनी हात धुऊन घेतले. पायरेट बे गेलीच, पण व्हिमिओ गेली, डेलीमोशन गेली. त्यावर ९ जूनला आझाद मैदानात पोरं गाय फॉक्सचे मुखवटे घालून जमली. मी दहावीच्या निकालाची वाट बघत घरी बसलो होतो. पेपरात फोटो बघितला आणि मुखवटा कुठे मिळतो याची चौकशी केली, एवढंच माझं योगदान. पण कोर्टात काम झालं ते वेगळ्या माणसांमुळे. इंटरनेट कंपन्या स्वतःच मद्रास हायकोर्टात गेल्या आणि २२ जूनला कोर्टाने स्पष्ट केलं की बंदी ठरावीक लिंकपुरती आहे, अख्ख्या साइटवर नाही.

इथे टीकाकार म्हणून एक गोष्ट खटकते. अर्ज कंपन्यांचा होता, म्हणून प्रश्नही कंपन्यांचाच विचारला गेला : आम्ही नेमकं काय बंद करायचं? व्हिमिओवर स्वतःची शॉर्टफिल्म ठेवणाऱ्या आणि महिनाभर ती न दिसणाऱ्या माणसाचा प्रश्न त्यात मावला नाही. अशोक कुमारबरोबर ओळीने उभे असलेले निरपराध शेजारीही मुकेच राहिले.

माझ्या वाचनातलं सगळ्यात चांगलं गद्य मुंबई हायकोर्टाचं आहे, २०१६ चं, न्यायमूर्ती गौतम पटेल यांचं. ते एप्रिल २०२४ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे आदेश वाचताना कळतं की लिहिणारा माणूस वाचणाराही आहे. जुलै २०१६ च्या सुरुवातीला 'ग्रेट ग्रँड मस्ती'च्या निर्मात्यांना त्यांनी सरसकट बंदी द्यायला नकार दिला. त्याच महिन्यात 'ढिशूम' आला. इरॉस कंपनी लिंकांची यादी घेऊन आली तेव्हा त्यांनी ती तीन टप्प्यांत तपासून, शपथपत्रावर मागितली. ही मागणी मला फार आवडते. आमच्या कामात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. 'आमच्यावर विश्वास ठेवा, हे सगळे चोर आहेत' असं म्हणणाऱ्याला एकेक ओळ दाखवायला लावणं. शिवाय बंद पानावर दाव्याची माहिती आणि दाद कुठे मागायची ते दिसलं पाहिजे, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे अशोक कुमारला निदान कोर्टाचा पत्ता कळावा.

मग झाली ती प्रसिद्ध भानगड. ऑगस्टमध्ये बंद साइट उघडली की एक नोटीस येऊ लागली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मधे होतो, मुलुंडला, केबलवाल्याच्या इंटरनेटवर. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला आणि दोन दिवस सगळे हार्ड डिस्क लपवत फिरत होते. नोटिशीचा अर्थ असा होता : या लिंकवरची बेकायदा प्रत पाहणं, उतरवणं, दाखवणं किंवा तिची नक्कल करणं हा गुन्हा आहे. कॉपीराइट कायद्याची ६३, ६३-अ, ६५ आणि ६५-अ ही कलमं, तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड.

ही नोटीस वाक्यासारखं वाक्य म्हणून वाचा. त्यातली पहिली क्रिया 'पाहणं'. म्हणजे वाचणारा ती वाचत असतानाच आरोपी झाला. लेखनतंत्र म्हणून हे जबर आहे. आता कलमं उघडा. ६३ आणि ६३-अ मध्ये दंडाची कमाल मर्यादा दोन लाख आहे. ६५ आणि ६५-अ मध्ये दंडाचा आकडाच नाही. तीन लाख कुठून आले? आणखी एक गंमत, ६३ मध्येच अशी सूट आहे की धंद्यासाठी, नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. नोटिशीत ती सूट नव्हती. धमकी लिहिताना कुणी तळटीप देत नाही.

ऑगस्टअखेर पटेलांनी हा मजकूर बदलायला लावला. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय, मालकाचं नुकसान होईल असं वाटप करणं, जाहीर प्रदर्शन करणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या ग्रुपवर हाही स्क्रीनशॉट फिरला आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ 'डाउनलोड चालतं' असा काढला. तसं त्यांनी म्हटलेलं नाही.

आणि इथेच, इतकं कौतुक करून झाल्यावर, माझा त्यांच्याशी वाद आहे. बघणारा वेगळा आणि वाटणारा वेगळा, ही फाळणी थिएटरच्या जगातली आहे. एक माणूस प्रोजेक्टर चालवतो, तीनशे खुर्चीत बसतात. टॉरेंट तसं चालत नाही. फाइलचे लहान लहान तुकडे केलेले असतात. तुमच्याकडे पहिला तुकडा आला की तुमचं मशीन तो दुसऱ्याला द्यायला लागतं. तुम्ही खिडकी लहान करून जेवायला जाता आणि तुमचा लॅपटॉप ब्राझीलमधल्या कुणाला तरी गाण्याचा चौदावा तुकडा देत असतो. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलंय. फुकट्यांना शिक्षा आणि देणाऱ्यांना वेग, असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे कायद्याने ज्याला श्रोता म्हणून सोडलं, त्याला कोडने आधीच वितरक करून ठेवलंय. मग तो अशोक कुमार आहे की नाही? आदेश या प्रश्नाच्या दारापर्यंत येतो आणि थांबतो. थांबणारच, कारण हा प्रश्न विचारायला कोर्टात कुणी उभं नव्हतं.

अमेरिकेत उभे राहिले. तिथल्या कंपन्यांनी २००३ ते २००८ मध्ये सुमारे ३५,००० सामान्य माणसांवर दावे लावले. बहुतेकांनी मामासारखंच मिटवलं, काही हजार डॉलर देऊन. मिनेसोटातल्या एका बाईने नकार दिला. कझा नावाच्या प्रोग्रॅमवर २४ गाणी वाटल्याचा आरोप होता. २००७ मध्ये ज्युरीने २,२२,००० डॉलर भरायला सांगितले, म्हणजे गाण्याला ९,२५० डॉलर. तेच गाणं दुकानात ९९ सेंटला मिळत होतं. मग न्यायाधीशाच्याच लक्षात आलं की आपण ज्युरीला चुकीचं सांगितलं. फोल्डर उघडा ठेवणं म्हणजेच वाटणं, असं त्याने ज्युरीला सांगितलं होतं. कुणी प्रत्यक्ष घेतलं का, हे दाखवायला नको? २००८ मध्ये त्याने निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवला. दुसऱ्या ज्युरीने १९ लाख २० हजार डॉलर ठोकले. न्यायाधीशाने ते ५४,००० वर आणले. तिसऱ्या ज्युरीने १५ लाख. पुन्हा ५४,०००. शेवटी २०१२ मध्ये अपील कोर्टाने मूळचे २,२२,००० कायम केले आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

बोस्टनमध्ये एका विद्यार्थ्यासाठी हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स नेसन लढले. ३० गाणी, ६,७५,००० डॉलर. न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी हा आकडा घटनेत बसत नाही म्हणून दहावा हिस्सा केला. वरच्या कोर्टाने तो परत होता तिथे नेला.

म्हणजे दोघेही हरले. तरी माझ्या लेखी त्या खटल्यांतून जे साहित्य निर्माण झालं ते आपल्यापेक्षा श्रीमंत आहे. तिथे पात्रं आहेत. साक्ष देताना अडखळणारी, खोटं बोलून पकडली जाणारी, हट्टी. 'उघडं ठेवणं म्हणजे वाटणं का?' हा माझ्या टॉरेंटच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ तिथे निदान विचारला गेला, कारण एका बाईने मिटवायला नकार दिला. तिने त्याची किंमत काय मोजली हेही दिसतं, म्हणून मामाने लढायला हवं होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आपल्याकडे मोठी लढाई झाली ती टी-सिरीज आणि मायस्पेसची. २००८ मध्ये टी-सिरीज दिल्ली हायकोर्टात गेली. २०११ मध्ये एका न्यायाधीशाने मायस्पेसविरुद्ध आदेश दिला. मायस्पेस अपिलात गेली आणि २३ डिसेंबर २०१६ ला न्या. रवींद्र भट आणि न्या. दीपा शर्मा यांनी तो फिरवला. आपल्या जागेत कुठेतरी चोरीची गाणी असतील ही मोघम जाणीव पुरेशी नाही, नेमकं ज्ञान हवं. टी-सिरीजने स्वतःच्या गाण्यांची भलीमोठी यादी हातात ठेवली म्हणजे ज्ञान झालं, असं होत नाही. नेमकी जागा दाखवा, मग छत्तीस तासांत काढलं पाहिजे. आणि खासगी कंपनीला आधीच सगळं तपासून काढायला लावलं तर ती भीतीपोटी चांगलंही काढेल, हा धोका निकालात स्वच्छ मांडलाय. तोवर मायस्पेस स्वतः जवळजवळ मेली होती, हा भाग वेगळा.

टी-सिरीज वादी आहे हे वाचताना मला हसू आलं होतं. ऐंशीच्या दशकात हीच कंपनी जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेऊन स्वस्त कॅसेटवर विकत होती. कायद्यातल्या ५२(१)(ज) या फटीत ते बसत होतं : दोन वर्षं झाली असतील, नोटीस आणि रॉयल्टी दिली असेल, तर तुम्ही गाण्याचं आपलं रेकॉर्डिंग काढू शकता. 'हम आपके हैं कौन'च्या वेळी एचएमव्हीने टी-सिरीजला कोर्टात खेचलं, कारण कॅसेटचं नाव आणि रूप मूळच्यासारखं होतं. माझ्या आईने लतादीदींची म्हणून ऐकलेली कित्येक गाणी अनुराधा पौडवालांची होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. एचएमव्हीच्या कॅसेटची किंमत आणि पुरवठा दोन्ही आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. गुलशन कुमार यांचा १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरी पश्चिमेला देवळाबाहेर खून झाला, तेव्हा मी वर्षाचा होतो. त्यांच्यावर चोरीचे आरोप करणारे कमी नव्हते. आज ती फट ३१-क कलमात गेलीय आणि दोनची पाच वर्षं झालीत. शिडीने वर गेलेला माणूस शिडी ओढून घेतो ही तक्रार जुनी आहे. मला त्यापेक्षा एवढंच नोंदवायचंय की टी-सिरीजचा जन्म ज्या गरजेतून झाला त्याच गरजेवर मामाची पाटी लटकली होती.

त्यानंतर हवा बदलली. १० एप्रिल २०१९ ला दिल्ली हायकोर्टाने यूटीव्हीच्या दाव्यात अख्ख्या साइट बंद करायला मान्यता दिली, वर त्यांची नवी नावं येतील तसतशी यादीत घालत जायचीही सोय केली. मला त्यातला एक तपशील जास्त बोलतो. प्रतिवादी साइटांकडून कुणीच आलं नाही, म्हणून कोर्टाने आपल्या मदतीला एक वकील नेमला. अशोक कुमार येत नाही हे कोर्टालाही खटकलं होतं तर.

त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टात एअरटेलचं विंक अ‍ॅप टिप्स कंपनीविरुद्ध हरलं. रेडिओला ठरलेल्या दराने परवाना मिळतो तसा आम्हालाही ३१-ड खाली मिळावा, असं विंकचं म्हणणं होतं. इंटरनेटवर गाणी देणं हे त्या कलमातलं प्रसारण नव्हे, असं कोर्ट म्हणालं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वरच्या खंडपीठानेही तेच कायम केलं. २०२४ मध्ये एअरटेलने विंक बंद करायचं जाहीर केलं. दोन्हीकडे बडे वकील, दोन्हीकडे पैसा. म्हणून निकाल वाचायला नीट आहे. सगळे मुद्दे जागच्या जागी. मामासारख्या माणसाला मात्र हा संवाद दुसऱ्या मजल्यावरच्या भांडणासारखा ऐकू येईल.

आता माझं सांगायला हवं, नाहीतर ही टीका दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखी होईल. मी अंधेरी पूर्वेला एका कंपनीत काम करतो. लोक आमच्याकडे व्हिडिओ टाकतात. त्यातला आवाज आमचं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या गाण्यांशी ताडून बघतं. गाण्यातले ठळक स्वरबिंदू आणि त्यांच्यामधलं अंतर यांचा ठसा काढायचा, कोट्यवधी ठशांत शोधायचा. दिल्लीच्या खंडपीठाने ज्याला मोघम जाणीव म्हटलं ती आता सेकंदाच्या आत नेमकी होते. नेमकी म्हणजे बरोबर, असं मात्र नाही.

मागच्या गणपतीत बोरिवलीच्या एका भजनी मंडळाने स्वतः म्हटलेली आरती टाकली. पेटी, तबला, झांजा, बारा बायका. शेजारच्या मंडपात स्पीकरवर कुणाची तरी कॅसेट चालू होती आणि ती मागे अकरा सेकंद ऐकू येत होती. आमच्या यंत्राने पकडलं. दावा कंपनीच्या नावे लागला, आवाज बंद झाला. हरकत घ्यायचा फॉर्म होता, इंग्रजीत. सात दिवस उत्तर आलं नाही आणि प्रकरण आपोआप बंद झालं : 'वापरकर्त्याने दावा मान्य केला.' मी हे महिन्याभराने चुका तपासताना पाहिलं. उत्तर आलं नाही तर मान्य समजावं, ही ओळ कुणी लिहिली ते शोधलं. मीच लिहिली होती, दीड वर्षापूर्वी, एका शुक्रवारी. रिव्ह्यूमध्ये कुणी हरकत घेतली नव्हती.

ओळ बदलायचा प्रस्ताव मी दिलाय. फॉर्म मराठीत करा, मुदत वाढवा, गप्प राहिलेल्याला होकार समजू नका. पहिलं मान्य झालं. दुसऱ्यावर चर्चा चालू आहे. तिसऱ्यावर मॅनेजर म्हणाला की गप्प राहणाऱ्याला होकार नाही समजायचं तर काय समजायचं, याचं फील्ड बनव. ते अजून जमलेलं नाही.

परवा मामाकडे गेलो होतो. दुकान गेलं, आता तो एका सोसायटीच्या ऑफिसात बसतो. मी त्याला फोनवर कॉपीराइट कायद्याचं ६४ वं कलम दाखवलं. फौजदाराच्या हुद्द्यापासून वरचा पोलीस वॉरंटशिवाय प्रती आणि 'प्लेट' जप्त करू शकतो. प्लेटच्या व्याख्येत नक्कल करायचं यंत्रही येतं, म्हणजे त्याचा सीपीयू ही कायद्याने प्लेट. जप्त केलेलं मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. आणि ज्याचं आहे त्याला ते परत मिळावं म्हणून पंधरा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मामाने चष्मा वर करून स्क्रीन जवळ घेतली. त्यात इंग्रजी होतं, तरी बराच वेळ बघत राहिला.

'पंधरा दिवस?' म्हणाला.

'हो.'

'अर्ज मराठीत चालला असता का रे?'

खालच्या कोर्टात चालतो, मी म्हणालो. त्याने फोन मला परत दिला आणि मामीला चहा टाकायला सांगितला.